अवकाश आणि काळ सलग की कणदार? प्लँक लांबीच्या चौकोनांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तरंगांचे सिम्युलेशन लिहिताना तुम्ही अवकाशाचे बारीक चौकोन आणि काळाचे बारीक टप्पे पाडता, आणि उत्तर बरोबर येते. मग खरे विश्वही प्लँक लांबीएवढ्या चौकोनांचे का नसावे? आणि तसे असेल तर ते आजवर कोणाला दिसले का नाही?

आधी सरळ उत्तर देतो. अवकाश आणि काळ मुळाशी सलग आहेत की कणदार, याचा निकाल कोणत्याही प्रयोगाने लागलेला नाही. मात्र कणदारपणाचे निदान तीन-चार वेगळे अर्थ आहेत, आणि त्यांची आजची स्थितीही वेगवेगळी आहे. तुमच्या मनात आहे ती जागच्या जागी रोवलेली चौकोनी जाळी. या सगळ्या अर्थांत ती सर्वांत जास्त अडचणीत आहे. ती अडचण तुम्हाला स्वतःच्या कोडमध्ये मोजता येते, म्हणून तिथे जास्त वेळ घालवू.

त्याआधी प्लँक लांबीविषयी. ती १.६ × १०^-३५ मीटर आहे. मॅक्स प्लँक यांनी १८९९ मध्ये निसर्गातले स्थिरांक एकमेकांत गुणून-भागून लांबी, काळ, वस्तुमान यांची एकके काढली, त्यांतले हे एक. अशा रीतीने निघालेला आकडा म्हणजे सर्वांत लहान तुकडा, असे मानायला आधार नाही. त्याच रीतीने निघणारे प्लँक वस्तुमान सुमारे २२ मायक्रोग्रॅम भरते, आणि इलेक्ट्रॉनपासून जिवाणूपर्यंत त्याहून हलक्या असंख्य गोष्टी आहेत.

प्लँक लांबीला महत्त्व आहे ते दुसऱ्या कारणाने. मात्वेई ब्रॉन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये पुंजयांत्रिकी आणि गुरुत्व एकत्र घेऊन मोजमापाची मर्यादा तपासली होती. त्याच धर्तीचा हिशोब आपण आकड्यांत करू. बारीक लांबी पाहायची तर तेवढ्याच आखूड तरंगलांबीचा फोटॉन लागतो. १०^-१५ मीटर, म्हणजे प्रोटॉनच्या आकाराच्या घरातली तरंगलांबी घ्या. या फोटॉनच्या ऊर्जेइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर केले तर त्याची त्रिज्या सुमारे ३ × १०^-५४ मीटर होईल. तरंगलांबीपुढे ती नगण्य आहे. आता तरंगलांबी दहापट कमी करा. ऊर्जा दहापट वाढते, म्हणून ती त्रिज्याही दहापट वाढते. दोन आकड्यांमधली तफावत दर पायरीला शंभर पटींनी आटते आणि सुमारे वीस पायऱ्यांत, १०^-३५ मीटरच्या आसपास, दोन्ही सारखे होतात. त्यापुढे ऊर्जा वाढवली की कृष्णविवरच मोठे होते आणि आतले काही दिसत नाही.

यातून एवढेच सिद्ध होते की आजचे दोन सिद्धांत एकत्र लावले तर त्याखालची लांबी मोजण्याची रीत उरत नाही. तिथे चौकोन आहेत, असे हा युक्तिवाद म्हणत नाही. आपल्या साधनांची पोहोचही तिथून फार दूर आहे. लार्ज हेड्रॉन कोलायडर हे कण एकमेकांवर आदळवणारे यंत्र साधारण १०^-१९ मीटरपर्यंत किंवा थोडे खाली पाहते. २०२० मध्ये हायड्रोजनच्या रेणूतून प्रकाश आरपार जायला लागणारा वेळ मोजला गेला, तो २४७ झेप्टोसेकंद, म्हणजे सुमारे २.५ × १०^-१९ सेकंद. प्लँक काळ ५.४ × १०^-४४ सेकंद आहे.

पुंजयांत्रिकीमुळे सगळे काही टप्प्याटप्प्यानेच असते, ही समजूतही बाजूला ठेवायला हवी. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा टप्प्यांत असते, मोकळ्या इलेक्ट्रॉनची नसते. शिवाय दोन्ही उदाहरणांत समीकरणातले अवकाश सलगच असते.

आता कोडकडे. एका मितीतले तरंग समीकरण घ्या. अवकाशासाठी नेहमीचा मध्य-फरक (बिंदू आणि त्याचे दोन्ही शेजारी यांच्या किमतींवरून बदल काढण्याची रीत) वापरा आणि काळाचा टप्पा इतका लहान ठेवा की त्याची चूक मोजण्यात येऊ नये. एका तरंगलांबीत जाळीचे जितके बिंदू मावतात त्या संख्येने १८० अंशांना भागा. येणाऱ्या कोनाचा कोसाइन म्हणजे तरंगपुंजाचा वेग, प्रकाशवेगाच्या पटीत. दहा बिंदू असतील तर १८ अंशांचा कोसाइन ०.९५१, म्हणजे पुंज जवळजवळ ५ टक्के मागे पडतो. वीस बिंदूंना चूक १.२ टक्के, शंभर बिंदूंना ०.०५ टक्के. दोनच बिंदू असतील तर वेग शून्य होतो आणि तरंग जागेवरून हलत नाही.

दोन मितींत आणखी एक गोष्ट दिसते. अक्षाच्या दिशेने दहा बिंदूंचा तरंग ५ टक्के मागे पडतो, पण कर्णाच्या दिशेने अडीच टक्केच. त्यामुळे मध्यातून सुटलेले गोल वलय कर्णांच्या बाजूने पुढे सरकते आणि चौकोनाकडे झुकते. कूरंट संख्या (काळाच्या एका टप्प्यात तरंग जाळीची किती घरे ओलांडतो) नेमकी १ ठेवली तर एका मितीत वेगाची चूक पूर्ण जाते, हे तुम्ही पाहिले असेल. दोन-तीन मितींत मात्र ती सगळ्या दिशांना एकाच वेळी घालवता येत नाही. म्हणजे जाळी दोन खुणा सोडते: आखूड तरंगांचा वेग बदलतो आणि दिशा सारख्या राहत नाहीत.

क्वार्क आणि ग्लुऑन यांचे गणित जाळीवर करताना या खुणा रोज हाताळाव्या लागतात. तिथे तेच गणित निदान तीन अंतरांच्या जाळ्यांवर करतात, उदाहरणार्थ ०.१२, ०.०९ आणि ०.०६ फेम्टोमीटर. मग उत्तर अंतराच्या वर्गासमोर मांडून शून्य अंतरापर्यंत ओढतात. जो भाग अंतराबरोबर बदलतो तो जाळीचा, जो शिल्लक राहतो तो निसर्गाचा. तुमचे उत्तर बरोबर येते ते याच अर्थाने: तुमची जाळी तरंगलांबीपेक्षा पुरेशी बारीक आहे, म्हणून तिच्या खुणा तुम्हाला जाणवत नाहीत.

विश्वाची जाळी बदलून पाहता येत नाही. पण निसर्ग दुसरी सोय देतो, ती प्रचंड अंतराची. वेगातला फरक कितीही सूक्ष्म असला तरी अब्जावधी वर्षांच्या प्रवासात तो साठत जातो. दूरच्या गॅमा किरण स्फोटातून एकाच वेळी निघालेले कमी आणि जास्त ऊर्जेचे फोटॉन इथे एकदम पोहोचतात का, हे पाहायचे.

फोटॉनची ऊर्जा भागिले प्लँक ऊर्जा (१.२२ × १०^१९ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट) इतक्या प्रमाणात वेग बदलतो असे गृहीत धरू. १० मे २००९ च्या स्फोटातून अवकाशातल्या फर्मी गॅमा किरण दुर्बिणीला ३१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक फोटॉन मिळाला. स्फोटाची ताम्रसृती (विश्वप्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली त्याचे माप, त्यावरून अंतर कळते) ०.९ होती. ऊर्जांचे गुणोत्तर २.५ × १०^-१८ येते. प्रवास सुमारे ७.३ अब्ज वर्षांचा, म्हणजे २.३ × १०^१७ सेकंद. गुणाकार ०.६ सेकंद होतो, आणि विश्व प्रसरण पावत असताना फोटॉनची ऊर्जा आधी जास्त होती ही दुरुस्ती घातली की १.१ ते १.२ सेकंद. प्रत्यक्षात तो फोटॉन स्फोटाची पहिली चाहूल लागल्यापासून ०.८६ सेकंदांतच आला. प्लँक लांबीच्या पातळीवरचा एक परिणाम हातातल्या घड्याळाने मोजता येईल एवढा मोठा होऊन समोर येतो, ही या तपासणीची ताकद आहे.

काम करताना मात्र एका फोटॉनवर भिस्त ठेवत नाहीत. नेहमीची रीत अशी: वेगबदलाचा एक गुणांक गृहीत धरायचा, प्रत्येक फोटॉनची वेळ त्याच्या ऊर्जेच्या प्रमाणात मागे सरकवायची आणि प्रकाशवक्र (वेळेनुसार तेज कसे बदलते त्याचा आलेख) किती टोकदार झाला ते मोजायचे. ज्या गुणांकाला वक्र सर्वांत टोकदार, तो आपला अंदाज. मग फोटॉनांच्या ऊर्जा आपसांत फेटून तेच हजारो वेळा करायचे, म्हणजे निव्वळ योगायोगाने किती टोकदारपणा येतो ते कळते. अडचण येते ती मुख्यतः स्रोताची. जास्त ऊर्जेचे फोटॉन स्फोटातूनच उशिरा निघत असतील तर तो उशीर प्रवासाचा वाटतो. दोन्ही वेगळे करण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या ताम्रसृतींचे अनेक स्फोट: प्रवासातला उशीर अंतराबरोबर ठरावीक नियमाने वाढला पाहिजे, स्रोतातला उशीर तसा वाढणार नाही. ताम्रसृती माहीत नसलेला स्फोट या कामाला उपयोगी नाही.

९ ऑक्टोबर २०२२ च्या अतिशय तेजस्वी स्फोटाचे चीनमधल्या ल्हासो वेधशाळेने टिपलेले ६४,००० हून अधिक फोटॉन वापरून २०२४ मध्ये मर्यादा आणखी कडक झाली. ऊर्जेच्या सरळ प्रमाणातला वेगबदल असेल, तर तो ज्या ऊर्जेला ठळक होतो ती प्लँक ऊर्जेच्या दहापटींहून जास्त असली पाहिजे.

इथे एक बारकावा अनेकदा सुटतो. तुमच्या जाळीची चूक पुन्हा पाहा: बिंदू दुप्पट केले की ती चौपट कमी होते. म्हणजे साध्या, डावी-उजवी सारख्या असलेल्या जाळीत वेगबदल ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, सरळ प्रमाणात नव्हे. वर्ग घेतला की २.५ × १०^-१८ चे ६ × १०^-३६ होतात आणि ३१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या फोटॉनचा उशीर १०^-१८ सेकंदांच्या घरात जातो. तो मोजण्याचा प्रश्नच येत नाही. वर्गाच्या प्रमाणातल्या परिणामासाठी त्याच २०२२ च्या स्फोटाने दिलेली मर्यादा प्लँक ऊर्जेच्या ६ × १०^-८ पट आहे. जाळीच्या भाषेत हे सुमारे १०^-२७ मीटरचे अंतर झाले, प्लँक लांबीपेक्षा कोट्यवधी पटींनी मोठे. म्हणून फक्त फोटॉनांच्या वेळांवरून 'प्लँक लांबीची चौकोनी जाळी खोटी ठरली' असे म्हणणे चूक आहे.

मग ती अडचणीत का? पहिले कारण सापेक्षता. तुमच्या जाळीजवळून वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला तिचे चौकोन एका दिशेने आखडलेले दिसतील. म्हणजे 'खरा' चौकोन ज्याला दिसतो असा एक खास निरीक्षक मानावा लागतो. हे फक्त अतिसूक्ष्म पातळीवर राहिले असते तर चालले असते. पण पुंज क्षेत्र सिद्धांतात प्रत्येक कणाच्या गुणधर्मांत सर्व ऊर्जांच्या क्षणिक कणांचा वाटा असतो, आणि त्यांतले सर्वांत जास्त ऊर्जेचे कण जाळीला थेट चाटून जातात. २००४ मध्ये कॉलिन्स, पेरेझ, सुदार्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की यामुळे वेगवेगळ्या कणांचे कमाल वेग टक्क्याच्या आसपास वेगळे पडायला हवेत, आणि तेही साध्या, रोजच्या ऊर्जांना. जाळी आणखी बारीक केली तरी हा परिणाम जात नाही. निसर्गात असे काही दिसत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या धडकेतून आलेल्या गुरुत्वलहरी आणि गॅमा किरण १.७ सेकंदांच्या फरकाने पोहोचले. त्यांच्या वेगांतला फरक १०^१५ भागांत काही भागांहून जास्त असू शकत नाही. एखादी अंतर्गत समानता हा परिणाम रद्द करत असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती समानता कोणती हे दाखवावे लागते.

दुसरे कारण भूमितीचे. हर्मन वाइल यांनी ते एका ओळीत मांडले होते: चौकोन मोजून अंतर ठरवायचे असेल तर बाजूवर जितके चौकोन तितकेच कर्णावर असतात, म्हणून कर्ण आणि बाजू सारखे ठरतात. चौकोन कितीही बारीक केले तरी २ चे वर्गमूळ येत नाही. तुमच्या कोडमध्ये ते येते, कारण तिथले अंतर चौकोन मोजून ठरत नाही. तरंग अनेक वाटांनी पसरतो आणि त्यांच्या बेरजेतून गोलाई येते. तिसरे कारण इलेक्ट्रॉनसारख्या कणांचे. त्यांचे समीकरण चार मितींच्या जाळीवर सरळसोट मांडले की एका कणाऐवजी सोळा कण मिळतात. जास्तीचे कण काढायला जावे, तर डावा आणि उजवा कण (गतीच्या दिशेच्या संदर्भात फिरकी डावी की उजवी त्यावरून) वेगळे ठेवणारी समानता मोडते. नील्सन आणि निनोमिया यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले की ठरावीक वाजवी अटींत यातून सुटका नाही. क्षीण बल डाव्या कणांवरच चालते, त्यामुळे ही अडचण तांत्रिक म्हणून सोडून देता येत नाही.

इथपर्यंतचे थोडक्यात: प्लँक लांबी ही मोजमापाची ओळखलेली हद्द आहे, फरशी नव्हे. सरळ प्रमाणातला वेगबदल प्रयोगांनी जवळजवळ बाद केला आहे, आणि रोवलेली जाळी मुख्यतः सापेक्षतेशी न जुळल्यामुळे मागे पडली आहे.

पण कणदारपणाचे इतर अर्थ यातून निसटतात, आणि मला खरी गंमत तिथेच वाटते. पहिला अर्थ: तुकडे अवकाशात नसतात, मोजमापाच्या उत्तरात असतात. फिरणाऱ्या कणाचा कोनीय संवेग कोणत्याही अक्षावर मोजला तरी ठरावीक आकडेच येतात. अक्ष थोडा कलवला म्हणून मधले आकडे येत नाहीत, फक्त कोणता आकडा किती वेळा येईल ते बदलते. हार्टलंड स्नायडर यांनी १९४७ मध्ये अवकाशाच्या निर्देशकांना हाच न्याय लावून दाखवला, तोही सापेक्षता न मोडता. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या चलांवर उभ्या राहिलेल्या लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या गुरुत्वाला पुंजनियम लावणाऱ्या सिद्धांतात १९९५ च्या सुमारास रोव्हेली आणि स्मोलिन यांना क्षेत्रफळ आणि घनफळ यांची अशीच तुटक उत्तरे मिळाली. त्यातला एक मोकळा स्थिरांक कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीवरून (आत किती वेगवेगळ्या अवस्था शक्य आहेत त्याचे माप) बसवला तर सर्वांत लहान शून्येतर क्षेत्रफळ प्लँक लांबीच्या वर्गाच्या सुमारे पाचपट येते. वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला याहून लहान तुकडा दिसत नाही. त्याच्यासाठी शक्यता बदलतात, आकड्यांची यादी तीच राहते.

दुसरा अर्थ: बिंदू आहेत, पण यादृच्छिक विखुरलेले. हे तुम्ही संध्याकाळी करून पाहू शकता. एक अवकाश-मिती आणि एक काळ-मिती घ्या. एका चित्रात चौकोनी जाळीचे बिंदू ठेवा, दुसऱ्यात तेवढेच बिंदू रँडम नंबरने टाका. आता ०.६ प्रकाशवेगाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या नजरेने पाहायचे, म्हणजे प्रत्येक बिंदूची 'काळ अधिक अवकाश' ही बेरीज दुप्पट आणि 'काळ वजा अवकाश' ही वजाबाकी निम्मी करायची. जाळी एका कर्णाकडे ताणलेली स्पष्ट दिसेल. विखुरलेले बिंदू मात्र आधीसारखेच दिसतील, कारण क्षेत्रफळ बदलले नाही आणि यादृच्छिकतेला दिशा नसते. कडा सोडून फक्त मधला भाग पाहा, नाहीतर चित्राच्या ताणलेल्या चौकटीने फसगत होते. बॉम्बेली, ली, मायर आणि सॉर्किन यांनी १९८७ मध्ये मांडलेला कॉझल सेटचा विचार (अवकाश-काळ म्हणजे केवळ आधी-नंतरच्या नात्याने जोडलेले बिंदू) यावरच उभा आहे. त्याची किंमतही आहे: अमर्याद अवकाश-काळात अशा प्रत्येक बिंदूला अगणित 'लगतचे' शेजारी असतात, त्यांतले बरेचसे कोणत्याही एका निरीक्षकाच्या दृष्टीने खूप दूर. त्यामुळे शेजारचे चार बिंदू घेऊन समीकरण पुढे ढकलण्याची तुमची रीत तिथे चालत नाही. पण याच विचारातून सॉर्किन यांनी, विश्वप्रसरण वेग घेत असल्याचे १९९८ मध्ये कळण्याआधीच, वैश्विक स्थिरांकाची (प्रसरणाला वेग देणारा आकडा) प्लँक एककांतली पातळी सुमारे १०^-१२० असावी असा अंदाज बांधला होता. बिंदूंच्या संख्येतली वर्गमुळाएवढी चढउतार, इतकेच त्यामागचे गणित आहे.

तिसरा अर्थ माहितीचा. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते: प्लँक लांबीच्या वर्गात मोजलेल्या क्षेत्रफळाचा चौथा भाग. म्हणजे मर्यादित जागेत मर्यादितच वेगवेगळ्या अवस्था मावतात. माझ्या मते कणदारपणाच्या बाजूचा सर्वांत भक्कम सैद्धांतिक पुरावा हाच आहे, पण हे तुकडे जागेचे आहेत असे त्यातून निघत नाही. कण म्हणजे सूक्ष्म तंतू (स्ट्रिंग) मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतात तर अवकाश सलग असूनही ठरावीक लांबीखाली काही वेगळे पाहता येत नाही. ऊर्जा वाढवली की स्ट्रिंगच लांबते. उलट अम्ब्यॉर्न, युर्केविच आणि लॉल यांच्या पद्धतीत त्रिकोणांचे तुकडे फक्त गणितासाठी असतात, आणि २००५ मध्ये त्यांना मोठ्या पातळीवर चार मिती आणि सूक्ष्म पातळीवर जवळजवळ दोन मिती मिळाल्या.

बातम्या वाचताना म्हणूनच मर्यादा कोणत्या नमुन्यावर लागली ते आधी पाहा. २०११ मध्ये इंटिग्रल या गॅमा किरण उपग्रहाच्या मोजमापांवरून अवकाशाचे कण १०^-४८ मीटरपेक्षाही लहान असले पाहिजेत असे छापून आले. ते मोजमाप डिसेंबर २००४ च्या एका स्फोटाच्या ध्रुवीकरणाचे होते. डाव्या आणि उजव्या ध्रुवीकरणाचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातो, असे मानणाऱ्या नमुन्यालाच ती मर्यादा लागू होते. त्या नमुन्यापुरती ती फार कडक आहे, विखुरलेल्या बिंदूंना ती शिवतही नाही.

अंतरातली अस्पष्टता साठत जाते असे मानणारे नमुनेही असेच तपासले गेले. दर पायरीला प्लँक लांबीएवढी यादृच्छिक चूक होत असेल तर १०^२६ मीटरच्या प्रवासात ती सुमारे ४० मायक्रोमीटर होते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रोमीटर आहे, म्हणून अतिदूरच्या दीर्घिकांच्या प्रतिमा तयारच झाल्या नसत्या. त्या होतात, तेव्हा हा नमुना बाद. फर्मीलॅबमधल्या होलोमीटरने ४० मीटर भुजांचे दोन इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या दोन वाटांच्या लांबीतला सूक्ष्म फरक मोजणारी यंत्रे) शेजारी ठेवून दोघांत एकाच वेळी येणारा गोंगाट शोधला. दोन यंत्रे अशासाठी की एकाचा स्वतःचा गोंगाट दुसऱ्याशी जुळत नाही. दीर्घ काळ सरासरी घेतली की जुळणारा भागच उरतो. तपासलेल्या नमुन्याने सांगितलेला गोंगाट तिथे मिळाला नाही.

सध्या ज्यावर बराच भर आहे ते प्रयोग वेगळ्या पातळीवरचे आहेत: दोन सूक्ष्म वस्तुमाने प्रत्येकी एकाच वेळी दोन जागी असल्याच्या अवस्थेत ठेवायची आणि केवळ गुरुत्वामुळे ती एकमेकांत गुंततात का ते पाहायचे. ही कल्पना २०१७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. ती यशस्वी झाली तर गुरुत्व पुंजनियम पाळते याचा भक्कम पुरावा मिळेल. कणदारपणाचा निर्णय त्यातून थेट होणार नाही, पण अवकाश-काळाला पुंजयांत्रिकी लावण्यावर वर सांगितलेले बहुतेक विचार उभे आहेत, आणि ती पायरी आजवर प्रयोगाने तपासलेली नाही.